कान्होजींची मोजणी

मला कान्होजींचा हेवा वाटायचा. वाटायचा कसला, अजून वाटतो, पण आता त्याचं कारण बदललंय. ते आमच्या फार्मसीच्या संस्थेतले प्राणीगृहाचे रखवालदार. उंदरांना दाणापाणी करणं, पिंजरे धुणं, भुसा बदलणं हे त्यांचं काम. शिक्षण नववीपर्यंत, वय एकोणसाठ, येत्या ऑगस्टात निवृत्त होणार. मी सीमंतिनी, एम.एस्सी. प्रथम श्रेणी, संस्थेत तंत्रसहायक आणि सात वर्षांपासून पीएचडीची विद्यार्थिनी. अशा बाईने अशा माणसावर जळावं ही लाज वाटण्याजोगीच गोष्ट आहे. ती लाज मला रोज वाटायची आणि त्याने जळणं काडीभरही कमी व्हायचं नाही.

संस्थेत सगळे त्यांना काका म्हणतात. मी म्हणत नाही. मी कान्होजी म्हणते, अहो-जाहो करते, आणि तेवढ्यावर थांबते.

आधी कामाबद्दल सांगते, नाहीतर हेवा कशाचा ते कळायचं नाही. ट्रिप्टामाइन नावाचा एक लहानसा रेणू आहे. एकमेकींना चिकटलेल्या दोन कड्या आणि त्यांतल्या एका ठरावीक जागेवर लोंबणारी छोटी साखळी. ती साखळी तिथून काढून त्याच कडीतल्या नायट्रोजनवर अडकवली की आयसोट्रिप्टामाइन होतं. अणू तेवढेच, वजन तेवढंच, फक्त सदरा एका खुंटीवरून काढून दुसऱ्या खुंटीवर टांगलेला. हे मी ग्वाल्हेरच्या खासगी बाजार भागातल्या आमच्या घरी वडिलांना समजावून सांगितलं तेव्हा नाना म्हणाले, "म्हणजे सात वर्षं तू सदरे हलवते आहेस." नानांचं चुकलं नव्हतं, म्हणून जास्त राग आला.

पण खुंटी बदलली की गुण बदलतो. मूळ ट्रिप्टामाइनच्या घराण्यातली बरीच रसायनं माणसाला भास घडवतात. भिंती हलतात, रंग ऐकू येतात. त्याच रसायनांनी मेंदूतल्या पेशींना नवे फाटेही फुटतात, आणि खोल निराशेत गेलेल्या माणसाला त्याचा उपयोग होईल अशी जगभर आशा आहे. मग फाटे फुटावेत आणि भास होऊ नयेत असं काही बनवता येईल का? आयसोच्या घराण्यात ते मिळण्याची शक्यता दिसते. आमच्या राजलक्ष्मी मॅडमचं सगळं संशोधन याच्यावर, आणि मी त्यांच्यासाठी आयसोची एकेक पिल्लं बनवत आले. एस-एक, एस-दोन असं करत एस-नऊपर्यंत. एस-नऊ हे खास माझं, माझी पीएचडी त्याच्यावर. त्याने पेशींना फाटे फुटतात हे दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेने कळवलं होतं. भास होत नाहीत, एवढं दाखवायचं राहिलं होतं.

आता उंदराला भास होतोय की नाही हे विचारणार कसं? त्याची एक खूण आहे. भास घडवणारं रसायन टोचलं की उंदीर मध्येच मान झटकतो. अगदी झटकन, डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात. कानात पाणी गेलेलं कुत्रं डोकं हलवतं तसं. वीस मिनिटांत तो किती वेळा झटकतो ते मोजायचं. साध्या मिठाच्या पाण्यावरचा उंदीर एखाद्या वेळी झटकतो, भास घडवणाऱ्या रसायनावरचा वीस-वीस वेळा.

आणि ही मोजणी ग्वाल्हेरात कान्होजींसारखी कोणाला जमत नाही.

त्यांच्या घराण्यात घोडे. पणजोबा रिसाल्यात स्वार, आजोबा तबेल्यात, आणि वडील स्टेशनजवळच्या पडाव भागात टांगा हाकायचे. कान्होजी लहानपणी टांग्याच्या मागच्या पाटीवर बसून शाळेत जायचे आणि नववीनंतर शाळा सोडून टांग्याच्या पुढच्या पाटीवर आले. टेम्पो आले, टांगा गेला, घोडी विकली, आणि कोणाच्या तरी ओळखीने ते आमच्या प्राणीगृहात लागले. तीस वर्षं झाली त्याला. "घोडी माशी झटकते ते वेगळं, और अंगातून शहारा आला म्हणून झटकते ते वेगळं," असं ते नव्या मुलांना सांगतात. "उंदराचं पण तसंच. हा तोंड धुतोय. हा कान खाजवतोय. आणि हा, बघा, आता झटकली." मुलं बघेपर्यंत झटकून झालेली असते.

पिंजऱ्यांसमोर ते ठेंगण्या स्टुलावर बसतात. कागद-पेन्सिल घेत नाहीत. लिहायला मान खाली घातली की दोन निसटतात, हे त्यांचं म्हणणं. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून चालतो. चार बोटांची बारा पेरं झाली की डाव्या हाताचं एक पेर पुढे. वीस मिनिटं संपली की उठून आकडा लिहितात. उंदरांना ते कधी नाव देत नाहीत. नाव दिलं की हात कापतो म्हणतात. मात्र सर्वपित्री अमावस्येला, घरी पितरांचं पान वाढून झालं की, एक द्रोण भात आणि वड्याचा तुकडा घेऊन संस्थेत येतात आणि प्राणीगृहाच्या मागे ठेवतात. वर्षभरात गेलेल्या उंदरांसाठी. गेल्या वर्षी राजलक्ष्मी मॅडम तिथे हात जोडून उभ्या होत्या. माझ्या प्रयोगशाळेच्या दारात त्या आजवर दोन मिनिटंही उभ्या राहिल्या नव्हत्या.

सुरुवातीला मोजायला मीही बसायचे. नियम असा की दोघांनी मोजायचं आणि दोघांचे आकडे मिळतेजुळते यायला हवेत. कान्होजींचे एकवीस यायचे, माझे बारा. त्यांचे सतरा, माझे नऊ. मी म्हणायचे ते जास्त मोजतात. मॅडमनी एकदा कुठल्याशा संस्थेतून कॅमेरा मागवून चित्रण सावकाश चालवून बघितलं. एकवीस झटके होते. कॅमेरा परत गेला, आणि मला मोजणीवरून काढून बाटल्या भरायला बसवलं. माझ्या जागी अवंतिका आली, एम.फार्म.ची मुलगी. मॅडम कोणत्याही निकालावर आधी विचारायच्या, "कान्होजी काय म्हणतात?" माझे आलेख, माझ्या शुद्धतेच्या तपासण्या टेबलावर पडलेल्या असायच्या आणि त्यांच्यावरून नजर न हटवता त्या हे विचारायच्या.

यंदाच्या फेब्रुवारीत शेवटची मोजणी लागली. चार रसायनं: मिठाचं पाणी, परवान्यावर आणलेलं भास घडवणारं रसायन, माझं एस-चार आणि माझं एस-नऊ. बाटल्यांना आणि त्या-त्या पिंजऱ्यांना चार रंगांचे दोरे बांधलेले. कोणत्या दोऱ्यात काय आहे हे फक्त मॅडमना आणि मला ठाऊक. सोमवार, बुधवार, शुक्रवार अशा तीन फेऱ्या, दरवेळी नवे उंदीर, दोरे तेच. सोमवारी लाल दोऱ्याचे उंदीर अठरा वेळा झटकले. बुधवारी एकोणीस. लाल म्हणजे भासवालं, पिवळा पाण्याचा, हिरवा एस-चारचा. निळा दोरा एस-नऊचा, तिथे सोमवारी शून्य, बुधवारी एक, म्हणजे पाण्याइतकंच. मी घरी जाऊन नानांना पेढे दिले.

गुरुवारी मॅडमनी मला बोलावून शोधनिबंधाचा मसुदा दाखवला. लेखकांच्या नावांत पहिलं त्यांचं, दुसरं माझं, आणि तिसरं कान्होजींचं. "निवृत्तीआधी छापून यावं असं मला वाटतं," मॅडम म्हणाल्या. "त्यांच्या डोळ्यांवर हे सगळं उभं आहे."

मी चार वर्षांपूर्वी याच मॅडमच्या निबंधासाठी आठ महिने खपले होते, तेव्हा माझं नाव शेवटच्या आभारांत होतं, एका वाक्यात, ग्रंथपालाच्या शेजारी. मी "छान आहे मॅडम" म्हटलं आणि बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं. मग मनात आलं की सोमवारचा अठराचा आकडा त्यांच्या लक्षात असणारच. बुधवारी तो डोक्यात ठेवूनच ते स्टुलावर बसले असतील. लाल दोरा दिसला की अंगठा आपोआप चालत असेल. दुसऱ्या दिवशी मी चारी बाटल्यांत मिठाचं पाणी भरलं.

माझा बेत सरळ होता. ते लालसमोर अठरा लिहिणार. मग मी मॅडमसमोर उभी राहून सांगणार की बाटलीत पाणी होतं. एक फेरी वाया गेली असती, पण तीन दिवसांत ती पुन्हा करता आली असती.

शुक्रवारी शेवटच्या रंगाची वीस मिनिटं झाली तशी मी प्राणीगृहाच्या दारात गेले. मॅडमही आल्या होत्या. अवंतिकाचा कागद त्यांच्या हातात होता: लाल अठरा, पिवळा दोन, हिरवा सहा, निळा शून्य. तिच्या मांडीवर मोबाईल होता. माझी नजर गेली तसा तिने तो उलटा ठेवला. कान्होजी आपला कागद धरून उभे होते आणि देत नव्हते.

"मॅडम, आज कोणी झटकतच नाही," ते म्हणाले. "लाल एक. पिवळा एक. हिरवा, निळा काहीच नाही. मला तर वाटतं चारही रंगांत पानीच गेलंय."

"काका, मी तो बराबर गिनले," अवंतिका म्हणाली. "लाल अठरा, पक्का."

मॅडमनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. मग माझ्याकडे बघितलं. "बाटल्या भरताना काही चुकलं का?"

त्या क्षणी मला खरं सांगता आलं असतं. पण खरं सांगायचं म्हणजे कान्होजी बरोबर आहेत असं मॅडमसमोर म्हणायचं, आणि तेही त्यांना पकडायला मीच लावलेल्या सापळ्यातून. माझ्या तोंडून "नाही मॅडम" गेलं.

"सीमंतिनीकडून अशी चूक व्हायची नाही," मॅडम कान्होजींना म्हणाल्या. "तुम्ही डोळे दाखवून घ्या."

सात वर्षांत माझ्याबद्दल असं वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मला किती बरं वाटलं हे लपवून काय करू. घरी जाताना मी पाटणकर बाजारात थांबून नानांसाठी नवा सदरा घेतला. जेवताना दोनदा वाढून घेतलं. कान्होजींचा चेहरा आठवत होता, पण तो मी बाजूला सारत होते.

मंगळवारी ते सुट्टी घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. बरोबर बायको, कुसुमताई. बुधवारी सकाळी धुतलेला शर्ट घालून मॅडमच्या खोलीत आले. मीही तिथेच होते, मसुद्यातले आकडे तपासत. कान्होजी बसायला सांगूनही बसले नाहीत.

"उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे मॅडम. डॉक्टर बोलले, अभी कच्चा आहे. पण आहे." त्यांनी दवाखान्याचा कागद टेबलावर ठेवला. "मला पता नव्हतं. माझं नाव त्यातून काढून टाका. आणि मागची मोजणी पण धरू नका. सोमवार, बुधवार, सगळी. निळ्यात मला काही दिसलं नाही म्हणजे झटकलीच नसेल असं कशावरून? झटकली असेल आणि मला दिसली नसेल."

मॅडमनी तो कागद वाचला. मग माझ्यासमोरचा मसुदा त्यांनी हळूच ओढून घेतला आणि बंद केला. "खरं आहे," त्या म्हणाल्या. "शून्य बघणाऱ्याची नजरच पक्की नसेल तर त्या शून्याला काही अर्थ नाही. अवंतिकाचे आकडे एकटे चालणार नाहीत. हे आता थांबवावं लागेल."

निळा म्हणजे एस-नऊ. माझी सात वर्षं. माझी पीएचडीची मुदत जुलैत संपत होती आणि ती दोनदा वाढवून घेतलेली होती. ज्या डोळ्यांना खोटं पाडायला मी निघाले होते, त्याच डोळ्यांनी माझ्या रेणूला निर्दोष ठरवलं होतं. मी त्यांच्यावर चिखल उडवला आणि तो माझ्याच बाटलीत पडला. पण मला सगळ्यांत जास्त जाळलं ते वेगळ्याच गोष्टीने. त्या माणसाने कोणी न मागता आपली तीस वर्षांची अब्रू एका कागदासकट टेबलावर ठेवून दिली होती, आणि मला एक चूक कबूल करता येत नव्हती. मला त्यांच्या नजरेचा हेवा वाटायचा. आता त्यांच्या या वागण्याचाही वाटायला लागला.

ते दाराकडे वळले तेव्हा मी बोलले. बसल्या बसल्याच बोलले. "शुक्रवारी चारी बाटल्यांत पाणीच होतं. मी मुद्दाम भरलं होतं. कान्होजी जुने आकडे लिहितात असं मला दाखवायचं होतं."

मॅडमनी अवंतिकाला बोलावून घेतलं. ती आली, पाण्याची गोष्ट ऐकून रडायला लागली आणि म्हणाली, "मॅम, मी मोबाईल बघत होते. सोमवारचं लिहून टाकलं. काका हैं तो, मला वाटलं बरोबरच असेल." मॅडमनी तिला बाहेर बसायला सांगितलं. मग मला विचारलं, "हे तू कान्होजींसाठी सांगितलंस की एस-नऊसाठी?"

याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही. कान्होजींकडे बघून मी माफी मागितली. एस-नऊ बुडत नसतं तर मागितली असती का, हे त्या खोलीत तिघांनाही पडलेलं कोडं होतं.

कान्होजी दोन पावलं परत आले. "म्हणजे शुक्रवारी मला बरोबर दिसलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"लाल एक, पिवळा एक."

"हो. बरोबर होतं."

त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. डोळे पुसले नाहीत, रागावले नाहीत, नुसते गुडघ्यांवर हात ठेवून बसले. मग दवाखान्याचा कागद उचलून घडी करून खिशात घातला.

मॅडमनी निकाल दिला. तिन्ही फेऱ्या रद्द, सगळं पहिल्यापासून, कॅमेरा पुन्हा मागवायचा, त्याच्या जोडीला कान्होजींची मोजणी. नावं मसुद्यात आहेत तशी राहतील. "रेणू तुझा आहे, तो मी तुझ्याकडून काढून घेऊ शकत नाही," त्या मला म्हणाल्या. "पण बाटल्या यापुढे मी भरेन. तुझ्या हातात त्या मी देणार नाही."

मी मान खाली घातली. यापेक्षा कमी शिक्षा मीही स्वतःला दिली नसती.

"नको मॅडम," कान्होजी म्हणाले. "ताईच भरू द्या. त्यांचा हात बसलेला आहे. दुसरं कोणी भरेल तर थेंब कमीज्यादा होईल."

"आणि पुन्हा पाणी भरलं तर?"

कान्होजींनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात टोमणा नव्हता, दयाही नव्हती. तोंड धुणाऱ्या उंदराकडे ते जसं बघतात तसंच बघत होते.

"भरू देत ना," ते म्हणाले. "मला समजतं."

मॅडम हसल्या आणि हो म्हणाल्या. सोमवारी मी चार बाटल्या भरल्या, प्रत्येक बाटलीचं नाव दोनदा वाचून. कान्होजी स्टुलावर पाठमोरे बसले होते. मी काय भरते आहे हे त्यांनी एकदाही वळून बघितलं नाही.